चिऊचे दार आणि गोष्टीचा क्रम

दलित साहित्याच्या चर्चेत बालशिक्षणाचा विषय फारसा येत नाही. आपण कविता, आत्मकथन, नाटक यांची चिकित्सा करतो. पण मुलाच्या मनावर ‘आधी काय, नंतर काय’ हे पहिल्यांदा कोरणाऱ्या गोष्टीकडे मात्र पोरखेळ म्हणून पाहतो. ही उपेक्षा आपल्याला परवडणारी नाही.

अंगणवाडीत आज एक कौशल्य आग्रहाने शिकवले जाते. गोष्ट सांगायची, तिची चार-पाच चित्रे पसरायची, आणि मुलाने ती क्रमाने लावायची. सोबत नवे शब्द. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तर पायाभूत भाषा हे राष्ट्रीय उद्दिष्टच केले. कौशल्य मोलाचे आहे, याबद्दल माझा वाद नाही. ज्याला आधी-नंतर सांगता येते त्यालाच पुढे ‘असे का झाले’ हे विचारता येते. माझा प्रश्न ज्या गोष्टीवर हे कौशल्य घडवले जाते तिच्याविषयी आहे.

कल्याण-डोंबिवलीतल्या वस्त्यांमधून मी ज्या अंगणवाड्या पाहिल्या, तिथे क्रमासाठी सर्वांत लाडकी गोष्ट एकच, चिऊ-काऊची. घडणीच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. पाऊस येतो, काऊचे शेणाचे घर वाहून जाते, तो चिऊच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो, आणि चिऊ आत बाळाचे एकेक काम उरकत त्याला थांबवून ठेवते. प्रत्येक ठोठावण्याला एक काम. तीन वर्षांचे पोरही पुढचे वाक्य आधीच म्हणते. पण या क्रमाबरोबर दुसरेही काही पाठ होते. ज्याचे घर वाहून गेले तो बाहेर, आणि ज्याचे टिकले त्याची आंघोळ, तीट, पावडर संपेपर्यंत त्याने भिजत उभे राहायचे. दाराबाहेर उभे राहण्याची ही शिस्त आपल्या बापजाद्यांना कुणी वेगळी शिकवावी लागली नव्हती.

पुन्हा बाहेरचा तो कावळाच का? मराठीत बाई ‘बाहेर’ बसली की तिला ‘कावळा शिवला’ म्हणतात. पिंडाला शिवण्यासाठी ज्याची वाट पाहायची, त्याच्याच स्पर्शाने घर विटाळायचे, हा न्याय भाषेतच मुरलेला आहे. आणि शेणाचे म्हणाल, तर ज्या शेणाने पूजेआधी जमीन सारवून पवित्र होते, तेच कावळ्याने घराला वापरले की त्याची अक्कल निघते! बाई तात्पर्य सांगतात, ‘कावळा आळशी होता.’ गोष्टीत तर त्याने घर बांधलेले आहे. आळशी तो कुठे ठरला?

कोणी म्हणेल, ही लोककथा आहे, आपल्या आयाही ती सांगतात. सांगतात, हे खरेच. पण २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी नद्या चढल्या आणि काठावरची घरे पाण्याखाली गेली, ती पाहिलेल्या आईने सांगितलेली ही गोष्ट आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सांगितलेली गोष्ट एकच राहत नाही. पहिलीचे मूल विचारते, ‘मग काऊ कुठे गेला?’ त्या प्रश्नासाठी चित्रांच्या संचात पत्ता नसतो.

दुसरी आवडती गोष्ट उंदराच्या टोपीची. मला ती चिऊ-काऊपेक्षा प्रिय आहे, कारण तिच्यात राजाला भर रस्त्यात टोचून बोललेले आहे. तिचा क्रम श्रमाचा आहे. चिंधी सापडते, धोबी ती धुतो, शिंपी शिवतो, मग गोंडे लागतात. पण अनेक पाठांत उंदीर प्रत्येक कारागिराला राजाच्या शिपायांचा धाक घालून काम करून घेतो, आणि मोबदला कुणालाच मिळत नाही. म्हणजे बंडखोर उंदराची टोपीसुद्धा वेठीवरच शिवली जाते. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली, गोष्टीतली वेठ मात्र शाबूत आहे.

आता चित्रांकडे वळू. एका संचात मुलाची सकाळ होती: उठणे, दात घासणे, आंघोळ, दूध, शाळा. एका मुलीने आंघोळीचे चित्र शाळेनंतर लावले. चूक ठरले. तिच्या वस्तीत नळाला पाणी दुपारी येते! तिचा क्रम बिनचूक होता, चित्र काढणाऱ्याच्या घरात मात्र चोवीस तास पाणी होते. शब्दांचेही तेच. देवघर, ओटी, निरांजन ओळखले की शब्दसंपत्ती चांगली. घमेले, थापी, ओळंबा, ताडपत्री ओळखले तर ते कोणी मोजतच नाही.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर आणि कल्याण-शीळ रस्त्यावर जे मनोरे उभे राहिले, त्यांच्या पायथ्याशी बिगाऱ्यांची मुले वाढली. पाया, सळई, सेंट्रिंग, स्लॅब, स्लॅबला पाणी, मग गिलावा हा क्रम त्यांना कोणी शिकवावा लागत नाही. भिवंडी-मुरबाडकडच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येणाऱ्या कातकरी कुटुंबांतल्या मुलाला विचारा. माती भिजवायची, तूस मिसळायचा, साच्यात वीट पाडायची, उन्हात वाळवायची, मगच भट्टी रचायची; ओली वीट आत गेली तर तडकते. आधी-नंतर आणि त्यामागचे कारण, दोन्ही त्याच्या जिभेवर आहे. अशा मुलांसाठी विधायक संसदेने या भागातल्या भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. शाळेनेच झोपडीचे नाव घेतले, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

याची सुरुवात जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम उभे केले. बोर्डी आणि कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून पालघरमध्ये आहेत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तो कुरणापर्यंत गेला. महागड्या साहित्याऐवजी त्यांनी खडे, शिंपले, पाने वापरली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेत ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. अंगणात शाळा गेली. अंगणातली गोष्ट मात्र शाळेत आली नाही. खडे-शिंपल्यांनी गणती झाली, तशी विटेच्या साच्याने गोष्ट व्हायला हवी होती.

चिऊ-काऊ बंद करा, असे मी म्हणत नाही. बंदीने मुलाचा आनंद जाईल आणि चिऊचे दार तसेच राहील. शिक्षकाने दारापाशी गोष्ट थांबवावी आणि पुढचे चित्र मुलाला काढू द्यावे. ते संचातल्या चित्रासारखे नसेल, तर त्याला चूक म्हणण्याआधी त्याच्या घरचा क्रम विचारावा.

या पानांचे वाचक नाक्यावर, भट्टीवर, नदीकाठच्या वस्तीत काम करतात. त्यांनी तिथल्या पाच वर्षांच्या मुलांकडून ‘आधी काय, मग काय’ ऐकून त्यांच्याच शब्दांत उतरवून पाठवावे. ‘कोरड्यास’ म्हटले असेल तर त्याची ‘आमटी’ करू नये.