अंधार पडल्यावर पाणी कोण चढवतं?

'रेव्होल्यूशन' ही अमेरिकन मालिका १७ सप्टेंबर २०१२ रोजी सुरू झाली. आपल्याकडे तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या झेंडावंदनाचा. तिकडे एनबीसी वाहिनीवर त्या रात्री अख्ख्या जगाची वीज गेली. विमानं आकाशातून पडली, गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि कथा एकदम पंधरा वर्षं पुढे गेली. आता घोडे, तलवारी आणि खंडणी गोळा करणारे सेनापती. पुढे कधीतरी मी हा पहिला भाग पैठण तालुक्यातल्या माझ्या मामांना लॅपटॉपवर दाखवला. विमान कोसळलं तेव्हा मामा काही बोलले नाहीत. गाड्या बंद पडल्या तेव्हा मात्र राहवलं नाही. "डिझेल इंजिनाला हँडल मारायला कुठं करंट लागतो?"

या एका प्रश्नात त्या मालिकेचं निम्मं परीक्षण आलं. विहिरीवरची मोट गेली आणि विजेची मोटर आली, त्या दोन्हींच्या मधली कित्येक वर्षं मराठवाड्याचं पाणी डिझेल इंजिनानं उपसलं. ते सुरू करायची रीत साधी होती. वरची कळ उचलून आतला दाब सोडायचा, हँडल गरागरा फिरवून चाकाला वेग द्यायचा आणि कळ खाली टाकायची. आत हवा दाबली जाते, दाबानं तापते आणि त्या तापानंच डिझेल पेटतं. ठिणगी नको, बॅटरी नको. 'रेव्होल्यूशन'चं स्पष्टीकरण असं, की अतिसूक्ष्म यंत्रं हवेत पसरली आहेत आणि ती वीज गिळतात. गिळू देत, पण हँडलचं इंजिन त्यांच्या तोंडी लागतच नाही. आणि सगळीच वीज गिळायची म्हटली तर माणसाच्या मज्जातंतूंतून आणि हृदयातून धावणारी वीजही गेली पाहिजे. मग सेनापतीही उरणार नाही आणि खंडणीही.

अशक्य गोष्ट सांगितली म्हणून माझी तक्रार नाही. जयंत नारळीकरांनी 'हिमप्रलय' कथेत मुंबईवर बर्फ पाडला आणि वाचकानं तो मानला, कारण एकदा बर्फ पडल्यावर पुढचं सगळं कार्यकारणाच्या शिस्तीत चालतं. या कलाप्रकारात एक थाप माफ असते. त्यानंतरचा हिशेब मात्र चोख लागतो.

खरं तर थाप मारायचीही गरज नाही, सूर्य पुरेसा आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये आजवर नोंदलेलं सर्वांत प्रसिद्ध सौरवादळ आलं, तेव्हा त्याचा तडाखा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदींत उमटला. पुढे शहरात विजेच्या ट्राम येऊ घातल्या. त्यांच्या प्रवाहानं सूक्ष्म मोजमापं बिघडणार म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला न्यावी लागली. मार्च १९८९ मध्ये अशाच एका वादळानं कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात नऊ तास अंधार केला. पण सौरवादळाचा मारा लांबच लांब वाहिन्यांवर आणि मोठ्या रोहित्रांवर होतो, मनगटावरच्या घड्याळावर नाही. हे भान २०२२ च्या 'अपागोन' या स्पॅनिश मालिकेनं ठेवलं आहे. पाच भाग, पाच दिग्दर्शक. सौरवादळानं स्पेनची वीज जाते आणि कथा रुग्णालयातून, डोंगरातल्या मेंढपाळाकडून फिरत राहते. इथे वीज म्हणजे जादूचा दिवा नाही. उपचार, निरोप आणि अन्न पुढे नेणारी साखळी आहे.

तीनेक वर्षांनी, २८ एप्रिल २०२५ ला, स्पेन आणि पोर्तुगालची वीज खरोखरच गेली, सौरवादळाशिवाय. लोक रस्त्यावर आले, ट्रान्झिस्टरभोवती जमले, कुठे कुठे नाचलेही. त्याआधी ३० आणि ३१ जुलै २०१२ ला आपल्या उत्तर आणि पूर्व भारताची ग्रीड लागोपाठ कोसळली होती. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोक वस्ती करून असलेला प्रदेश अंधारात गेला, रेल्वे रुळांवर उभ्या राहिल्या, बंगालमध्ये खाणकामगार खाली अडकले आणि नंतर सुखरूप वर आले. कुणी तलवार उपसली नाही. 'रेव्होल्यूशन'सारख्या मालिकांत मात्र दुसऱ्या भागापर्यंत शेजारी शेजाऱ्याच्या उरावर बसलेला असतो. त्यांचे लेखक म्हणतील, एक दिवस आणि पंधरा वर्षं यात फरक आहे. मान्य. पण मग चौथ्या दिवशी काय होतं ते दाखवा. तिथेच बहुतेक मालिका उडी मारतात.

चौथ्या दिवशी काय होतं ते छत्रपती संभाजीनगरात विचारावं. शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं, पन्नासेक किलोमीटरवरून. धरण खाली आणि शहर वर, म्हणजे शंभर मीटरच्या आसपासची चढण. जायकवाडीचा उपसा, फारोळ्याचं जलशुद्धीकरण, नक्षत्रवाडी, मग वस्त्यांच्या टाक्या. ही चढण पाणी स्वतःहून चढत नाही, पंप त्याला वर ढकलतो. पाणी रोज येत नसल्यामुळे पाण्याचा दिवस हा घरचा छोटा सण असतो. पिंप घासलेली, नळाला पाइप जोडलेला, घरातलं एक माणूस कामाला दांडी मारून बसलेलं. अशा सकाळी लाईट गेली की कुणी मेणबत्ती शोधत नाही. पहिला प्रश्न येतो, "फारोळ्याचीही गेली का?" इथली गेली तर अंधार. तिथली गेली तर पाण्याची पाळी पुढे सरकली आणि हंडे पुन्हा कोरडे.

'रेव्होल्यूशन'च्या सुरुवातीला एक बाप धावत घरी येतो आणि वीज जाण्याआधी सिंक, टब मिळेल ते भांडं पाण्यानं भरून घेतो. मालिकेतला सर्वांत खरा क्षण हाच, आमच्याकडे कुणालाही समजावून सांगावा न लागणारा. लेखकांना सत्य हाताशी लागलं होतं. त्यांनी ते टबात सोडलं आणि घोड्यावर टांग टाकली.

मराठवाड्यात ही गाठ दुहेरी आहे. विजेशिवाय पाणी चढत नाही, तशी पाण्याशिवाय वीजही होत नाही. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. त्यात आणखी एक पेच. बंद पडलेलं औष्णिक केंद्र पुन्हा सुरू करायला आधी बाहेरून वीज लागते, कारण कोळसा दळणारी चक्की, पंखे आणि बाष्पकाला पाणी पुरवणारे पंप विजेवरच चालतात. म्हणून सगळी ग्रीड झोपली की आधी जलविद्युत केंद्र उठवायचं. तिथे पाणी पडलं की चाक फिरतं. मग त्या विजेवर एकेक वाहिनी, एकेक केंद्र, उत्पादन आणि मागणीचा तोल सांभाळत जागं करायचं. घाई केली की सगळं परत कोसळतं. यापेक्षा ताणाचं नाट्य कुठल्या तलवारबाजीत आहे?

ते ओळखलं बीबीसीच्या 'सर्व्हायव्हर्स'नं. टेरी नेशननं निर्माण केलेली ही मालिका १९७५ ते १९७७ अशी चालली. साथीनं माणसं मेली आहेत आणि उरलेले शेती, औजारं, मीठ यांच्यासाठी झगडताहेत. शेवटच्या भागाचं नावच 'पॉवर'. स्कॉटलंडमधली जलविद्युत पुन्हा सुरू करायची, पण ती कुणाची, हा वाद. सत्ता आणि वीज यांना इंग्रजीत एकच शब्द आहे, त्याचा इतका नेमका उपयोग नंतर क्वचितच कुणी केला असेल. २००६ च्या 'जेरिको'त अणुस्फोटांनंतर शेजारची दोन गावं धान्य आणि पवनचक्क्या यांच्या सौद्यावरून लढाईपर्यंत जातात. तेही पटतं, कारण भांडण वस्तूवरून आहे. आणि २०२५ ची अर्जेंटिनाची 'एल एतेर्नाउता', हेक्तोर ओएस्तेरहेल्ड आणि सोलानो लोपेझ यांच्या १९५७ च्या चित्रकथेवरून आलेली, बुएनोस आयर्सवर विषारी बर्फ पाडते. नवी यंत्रं मरतात, जुन्या गाड्या चालतात. मित्रांच्या टोळक्यात एक जण दुरुस्तीत तरबेज आहे आणि कथा त्याच्या हातांकडे बघायला वेळ काढते. मामांचा प्रश्न त्या लेखकांना आधीच पडला असावा.

चांगल्या आणि वाईट मालिकांमधली रेघ मला इथे दिसते. वाईट मालिका वीज ही वस्तू समजते, होती आणि गेली. चांगली मालिका जाणते, की वीज हे रोजचं काम आहे. कुणीतरी ते करत असतं, म्हणून दिवा लागतो. आमच्याकडे डीपी जळाली की गाव सरकारला शिव्या घालतं, पण वर्गणी काढून ती वाहून न्यायला ट्रॅक्टरही आणतं. पावसात खांबावर चढणारा लाईनमन सगळ्यांना नावानं माहीत असतो. शेतीला वीज पाळीपाळीनं, पुष्कळदा रात्री. मग हातात बॅटरी घेऊन, पायाखाली साप बघत माणूस मोटर चालू करायला निघतो. जगबुडीनंतरच्या एवढ्या कथांत हा लाईनमन जवळपास कुठेच नाही. सेनापती मात्र पैशाला पासरी.

भारतात या वाटेवरचा लक्षणीय प्रयत्न 'काला पानी' (२०२३). विषय वीज नाही, अंदमानातली साथ आहे, पण तिचं मूळ पुन्हा पाण्यातच सापडतं आणि प्रशासनाची कुचंबणा खरी वाटते. मराठी मालिकांत लाईट जाते ती भूत यावं किंवा नायक-नायिकेचा हात हातात यावा म्हणून, आणि जाहिरातीनंतर परत येते. ज्या प्रेक्षकानं वर्षानुवर्षं भारनियमनाचं वेळापत्रक पाठ केलं, त्याला याहून चांगलं मिळायला हवं.

त्यासाठी नेपथ्य तयार आहे. छत्रपती संभाजीनगरात पाणचक्की आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या आणि दाबाच्या बळावर उंच भिंतीवर चढतं आणि खाली कोसळून जातं फिरवतं. तिथल्या दर्ग्यातल्या फकिरांचं आणि यात्रेकरूंचं पीठ त्यावर दळलं जायचं. विजेविना जग चालतं याचा हा पुरावा, आणि किती लोकांपुरतं चालतं याचाही. पाणचक्कीच्या हौदाच्या काठी लाखांची वस्ती रांग लावून उभी करा. मालिका तिथून सुरू होते.

मामांनी त्या रात्री दुसरा भाग पाहिला नाही. पाळी रात्री बाराची होती, मोटर लावायला जायचं होतं.