पंच्याऐंशी टक्के मजकूर आणि एक सुटी सिगारेट

‘वैधानिक इशारा: सिगारेट ओढणे आरोग्यास अपायकारक आहे.’ १९७५च्या कायद्याने पाकिटावर आणलेलं हे वाक्य एकदा वाक्य म्हणून वाचून बघावं. त्यात माणूसच नाही. ओढणारा नाही, विकणारा नाही, आजारी पडणारा नाही. अपाय कुणाला, किती, कधी, याचा पत्ता नाही. आणि सुरुवातीलाच ‘वैधानिक’, म्हणजे आम्हाला काही हे म्हणायचं नव्हतं, कायद्याने म्हणायला लावलंय. शाळेत शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहिलेल्या वाक्याचा जो सूर असतो, तोच. मी बारा वर्षं सिगारेट ओढली. या वाक्याने माझं काही वाकडं केलं नाही.

मग चित्रं आली. ३१ मे २००९पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूचा ४० टक्के भाग त्यांना मिळाला. सिगारेटवर फुप्फुसं, आणि खायच्या तंबाखूच्या पुडीवर चक्क विंचू! हा विंचू म्हणजे प्रतिमा चुकल्याचा नमुना. विंचू म्हणजे विष, विष म्हणजे तंबाखू, असा दोन पायऱ्यांचा प्रवास वाचकाने करायचा होता. पण ज्या बाजारात ‘कासव छाप’ अगरबत्ती मिळते, तिथे पुडीवरचा प्राणी इशारा वाटेल की छाप? साहित्यात प्रतीक चालतं, कारण तिथे वाचक थांबायला तयार असतो. पुडी फाडणारा थांबत नाही.

१ एप्रिल २०१६पासून दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याचा झाला. आता प्रतीक उरलं नव्हतं, मानेवरची गाठ होती. प्रकरण कोर्टात गेलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये हे नियम रद्द केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. एरवी कुणी वाचत नाही म्हणतात त्या मजकुराच्या आकारासाठी एवढं भांडण झालं, यातच काय ते आलं.

वाचकांवर परिणाम झाला का? प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या राष्ट्रीय पाहणीत २००९-१० साली सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के जण म्हणाले होते की इशारा बघून सोडायचा विचार आला. २०१६-१७मध्ये ते प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास गेलं. बिडीवाल्यांमध्ये ५४, खाणाऱ्यांमध्ये ४६. विचार येणं म्हणजे सोडणं नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. मला तर तो दिवसातून चारदा यायचा.

तरी चित्राचं वाचन होतं, हे मी टपरीवर पाहिलंय. ‘ते गळ्याचं नको, दुसरं दे,’ असं म्हणणारी गिऱ्हाइकं असतात. मी स्वतः पाकिटातल्या सिगारेटी जुन्या पत्र्याच्या डबीत भरून ठेवायचो. याला इशाऱ्याचं अपयश म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. लपवावंसं वाटलं, म्हणजे पोचलं. कॅनडात अशी चित्रं आपल्या आधी आली. तिथल्या अभ्यासातही चित्र टाळणारे लोक सोडायच्या प्रयत्नांत इतरांच्या मागे पडलेले दिसले नाहीत.

नंतरचे शब्दही सुधारत गेले. तंबाखूमुळे वेदनादायक मृत्यू येतो. तंबाखू सेवन करणारे कमी वयात मरतात. आता वाक्यात माणूस आहे, पण तो ‘ते’ आहे. ‘ते’ म्हणजे दुसरे कुणीतरी. माझ्या मते पाकिटावरची सगळ्यात चांगली ओळ सप्टेंबर २०१८मध्ये आली, चित्राखालच्या काळ्या पट्टीत: आजच सोडा, फोन करा, १८००-११-२३५६. मजकूर पहिल्यांदाच माझ्याशी बोलला, आणि घाबरवून तिथेच सोडून गेला नाही.

एवढं सगळं पाकिटावर. आणि आपण घेतो सुटी. टपरीवाला पाकिटातून एक काढून देतो, बाजूला लायटर लोंबकळत असतो, पाकीट त्याच्याकडेच राहतं. ८५ टक्के मजकूर विकणाऱ्याच्या हातात, आणि वाचकाच्या हातात फक्त सिगारेट, तिच्यावर कंपनीचं नाव. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली. कोपऱ्यावरच्या टपरीला ती कळल्याचं दिसत नाही. कॅनडाने २०२३पासून थेट प्रत्येक सिगारेटवर इशारा छापायचा नियम केला. तिथे सुटी विकत नाहीत. त्या नियमाची खरी गरज आपल्या टपरीला आहे, आणि बिडीवर तो कसा छापणार हे मला सुचत नाही.

मी तो नंबर फिरवला तो एका लांबच्या प्रवासात. रस्त्यात टपरी मिळेल न मिळेल म्हणून त्या दिवशी सुटी न घेता अख्खं पाकीट घेतलं होतं, आणि डबी घरी राहिली होती.