आपलीच भूमिका, पहिल्या रांगेतून

आमच्या घरी नाटक-सिनेमाची बातमी आधी स्वयंपाकघरात फुटते आणि चहा पार गार झाल्यावर माझ्यापर्यंत येते. २०२५ साली असंच झालं. कणीक मळता मळता सौ. एकदम थांबली.

"अहो, ऐकलंत का? शाहरुख लंडनला नाटकाच्या तालमीला गेला!"

"काम मिळालं वाटतं," मी म्हणालो.

पुढची कणीक जरा जास्तच जोरात मळली गेली.

प्रकार असा होता. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हा १९९५ सालचा सिनेमा. आदित्य चोप्रानं स्वतःच त्याचं इंग्रजी संगीत नाटक बसवलं. ते २०२२ साली अमेरिकेत सॅन डिएगोला झालं आणि २०२५ साली इंग्लंडात मँचेस्टरला. त्यात राजचा रॉजर झाला आणि चांगला गोरापान झाला. सौ.चा आक्षेप त्या रॉजरवर होता. "सरसोच्या शेतात गोरा कसा शोभेल?" हा तिचा प्रश्न. मला मात्र वेगळंच कुतूहल. जी भूमिका जन्मभर आपल्या नावावर आहे ती दुसरा करतोय, आणि आपण खुर्चीत बसून बघतोय. त्या वेळी माणसानं चेहरा कसा ठेवावा?

आपल्याकडे ही पंचाईत कमी, कारण आपली गाडी उलट्या दिशेनं धावते. नाटक आधी, सिनेमा मागाहून. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं, त्यावरचा सिनेमा २०१५ चा. 'नटसम्राट' १९७० चं, सिनेमा २०१६ चा. शिवाय नाटकातली भूमिका म्हणजे भाड्याची खोली. एक बिऱ्हाड गेलं की दुसरं येतं. अप्पा बेलवलकर डॉ. लागूंनी केले, दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले. लोकांनी तुलना केली, एकमेकांशी भांडले आणि पुन्हा तिकीट काढलं. सिनेमाचं तसं नाही. तिथं थेट सातबाऱ्यावर नाव चढतं. आणि सातबाऱ्यावर चढलेलं नाव उतरवणं किती अवघड, हे आम्हा तळवड्याच्या माणसांना कुणी सांगायला नको.

शेजारच्या देहूचंच बघा. 'प्रभात'नं १९३६ साली 'संत तुकाराम' काढला. विष्णुपंत पागनीस मूळचे नाटकात स्त्रीभूमिका करणारे. पण ते तुकाराम झाले आणि कायमचेच झाले. २०१२ साली जितेंद्र जोशीनं तुकाराम मनापासून केला, तरी आमची आत्या म्हणाली, "पोरगा गुणी आहे, पण तुकोबासारखा दिसत नाही." आत्यानं तुकोबांना पाहिलं होतं कुठं? पाहिलं होतं ते पागनिसांना!

आपल्याकडे सिनेमावरून नाटक झालंच नाही असं मात्र नाही. १९६० च्या 'मुग़ल-ए-आज़म'वर फिरोज अब्बास खान यांनी २०१६ साली संगीत नाटक केलं. पडद्यावरची अनारकली व्हायला चेहरा मधुबालाचा लागला आणि गळा लताबाईंचा. रंगमंचावर हे दोन्ही एकीनंच करायचं. तेही जिवंत, समोर, आणि चुकलं तर परत घेण्याची सोय नाही. ही भूमिका करणाऱ्यांत पुण्याची प्रियांका बर्वेही होती. मधुबाला १९६९ सालीच गेली, त्यामुळे पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामीच राहिली. मला वाटतं, गाणाऱ्या मुलीवर त्या रिकाम्या खुर्चीचाच दाब जास्त असणार.

न्यूयॉर्कला मात्र अशा खुर्च्या भरायचा रिवाजच आहे. 'प्रिटी वुमन'च्या नाटकाला २०१८ साली ज्युलिया रॉबर्ट्स आली. 'बॅक टू द फ्यूचर'ला २०२३ साली मायकेल जे. फॉक्स आणि क्रिस्टोफर लॉइड आले. माझी तक्रार इथं आहे. तारा आला की प्रेक्षागृहातल्या माना वळतात. नाटक समोर चाललेलं असतं आणि लोक, नाटक बघणाऱ्या ताऱ्याला बघत असतात. तो हसला का? डोळे पुसले का? समोर घाम गाळणाऱ्या नटाला टाळी मिळते, पण तीही पहिल्या रांगेची परवानगी घेऊन. ही दाद नव्हे, ही मालकाची तपासणी.

मग ताऱ्यानं जाऊच नये का? हे मी छातीठोकपणे सांगितलं असतं, पण मी स्वतः त्या खुर्चीत बसलेलो आहे.

हसू नका. तळवड्याच्या एका कारखान्यात मी लेथवर आणि नंतर सुपरवायझर म्हणून तीस वर्षं काढली. निवृत्तीच्या दिवशी पोरांनी माझ्यावर छोटं नाटुकलं बसवलं. मला हार घालून पुढं बसवलं. एक पोरगा कपाळावर चष्मा चढवून शॉपभर चष्मा शोधत आला आणि ओरडला, "अरे, हा जॉब आहे की जिलबी?" हशा झाला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी हसलो. पण मनात म्हटलं, मी इतक्या जोरात ओरडत नाही. घरी येऊन सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "त्यानं जरा हळूच केलं असेल."

त्या रात्री झोप लागली नाही. तीस वर्षांचा माणूस पाच मिनिटांत मावला होता, आणि तो माझ्याशिवायही चालत होता.

म्हणून मला बिल मरेचं कौतुक. 'ग्राउंडहॉग डे' हा त्याचा १९९३ सालचा सिनेमा. एकच दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागणाऱ्या माणसाची ती गोष्ट. तिचं नाटक न्यूयॉर्कला लागलं. २०१७ च्या ऑगस्टात मरे ते बघायला गेला आणि रडला. इथवर रिवाजच. पण हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाटक बघायला जाऊन बसला! पहिल्या दिवशी माणूस आपली भूमिका बघायला जातो. दुसऱ्या दिवशी जातो तो दुसऱ्याचं काम बघायला. दाद म्हणायची ती या दुसऱ्या तिकिटाला.

मीही गेलो. पुढच्या खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होती, त्याचं आमंत्रण आलं. पूजेनंतर पोरांनी तेच नाटुकलं पुन्हा केलं. या वेळी मी मुद्दाम मागच्या बाकावर बसलो. माझं काम करणारा पोरगा नवा होता. मी गेल्यावर लागलेला, मला कधी न पाहिलेला. पण चष्मा बरोब्बर कपाळावर आणि जिलबी जिथल्या तिथं. मी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

पेढे वाटत तो माझ्यापाशी आला. "काका, आवडलं का? तुम्ही कुणाकडचे?"

"मी होय?" मी म्हणालो, "मी त्या चष्म्याकडचा."

त्याला काही कळलं नाही. त्यानं मला दोन पेढे दिले.