जेलरचे डोळे आणि कैद्याचे घर

व्ही. शांताराम यांचा ‘दो आंखें बारह हाथ’ (१९५७) ज्यांनी पाहिला नाही त्यांनीही त्यातली प्रार्थना शाळेत म्हटलेली असते. सहा खुनी कैदी, उजाड माळावरची शेती आणि आदिनाथ हा जेलर. १९५८ साली बर्लिनला त्याचा गौरव झाला. चित्रपट मोठाच आहे. पण गुन्हेगार सुधारतो कसा, याचे त्याने दिलेले उत्तर मला अपुरे वाटते.

इथे कैदी सुधारतात ते जेलरच्या नजरेने. पळावे तर ते डोळे आड येतात. जेलर गेल्यावरही पाहतच राहतात. म्हणजे पहारा उठत नाही, भिंतीवरून मनात शिरतो. शिवाय सारा भार एका भल्या माणसावर. त्याची बदली झाली असती तर?

पटकथाकार ग. दि. माडगूळकर औंध संस्थानच्या मुलखातले. कथेचे मूळही तिथलेच. १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची, पाठबळ राजे भवानराव पंतप्रतिनिधींचे. तिथे कैदी बायकामुलांसह राहत, जमीन कसत. पळायचे तर संसार टाकून पळावे लागे. राखण डोळ्यांची नव्हती, चुलीची होती. पडद्यावर मात्र कुटुंब कथेच्या कडेलाच राहिले, आणि मूळ प्रयोगाचा गाभा निसटला.

आपल्याला हा फरक अधिक जाचतो. खुली वसाहत शिक्षा झालेल्यांसाठी. २०२२ अखेर देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के तर कच्चे कैदी होते. महाराष्ट्राच्या तुरुंगांतील मुस्लिम कैद्यांच्या पुनर्वसनाच्या गरजांवर टाटा समाजविज्ञान संस्थेला २०११ साली स्वतंत्र अभ्यास करावा लागला, यातच काय ते आले.

हजरत युसूफ (अलै.) यांना बादशहाचे बोलावणे आले तेव्हा ते लगेच बाहेर पडले नाहीत, आधी आरोपाची शहानिशा करा म्हणाले. ते निर्दोष होते, तरी नुसते दार उघडून भागत नाही हे जाणून होते. मग खरोखर गुन्हा करून, शिक्षा भोगून परतलेल्याचे काय? मोहल्ल्यात त्याला खोली मिळत नाही, बहिणीचा रिश्ता मोडतो. तौबेवर बयान ऐकून उठलेली माणसेच त्याच्या सलामाला तोंड फिरवतात. जकातीच्या आठ बाबींत एक बाब बंदिवानांच्या माना मोकळ्या करण्याची आहे. जामिनाच्या रकमेअभावी आत अडकलेल्या पोरासाठी ती कधी खर्चली का, असे जमातीच्या बैठकीत विचारून पाहावे. विषय बदलतो.