न घडलेल्याचे निवेदन

बालपणी मारहाण सोसलेल्या व्यक्तीपाशी सांगण्याजोगी घटना असते. भावनिक उपेक्षा सोसलेल्या व्यक्तीपाशी बहुधा तीही नसते. जे मिळावयास हवे होते ते मिळाले नाही, एवढेच तिचे कथानक. प्रौढपणी ती मानसोपचाराकडे वळते तेव्हा तिच्यापुढील पहिली अडचण म्हणूनच निवेदनाची असते : अभाव सांगावा कसा, आणि कोणाला?

काफ्काने १९१९ साली वडिलांना लिहिलेले दीर्घ पत्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पाण्यासाठी रात्री कुरकुरणाऱ्या मुलाला वडील उचलून सज्जात नेतात आणि बंद दाराबाहेर उभे करतात. घटना किरकोळच, परंतु आपण वडिलांच्या लेखी कोणीच नाही, ही तिने दिलेली जाणीव वर्षानुवर्षे टिकते. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅलिस मिलर यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात काफ्काच्या लेखनामागे बालपणीची हीच वेदना वाचली. हे वाचन सहृदय आहे. मात्र त्यात संहिता केवळ पुरावा ठरण्याचा धोका संभवतो. पत्राच्या अखेरीस काफ्का वडिलांचे प्रत्युत्तरही स्वतःच रचतो आणि त्यात स्वतःवरच आरोप करतो. आरोप करणाऱ्याचा आवाज पीडिताच्या आत वस्तीला येतो, हे येथे आशयापेक्षा रचनेतून व्यक्त होते.

या प्रक्रियेचे सूत्र फेरेन्त्सी यांनी १९३२ साली वीसबाडेन येथील निबंधात मांडले होते. भयग्रस्त मूल आक्रमकाशी तादात्म्य पावते व त्याचा अपराधभाव आपलासा करते. उपचारकाची तटस्थता त्या जुन्या थंडपणाची पुनरावृत्ती ठरू शकते, हा त्यांचा इशारा आजही महत्त्वाचा आहे. उपचाराचे सामर्थ्य केवळ स्मृती उकरण्यात नसून, पूर्वी न लाभलेला श्रोता उपलब्ध होण्यात आहे.

असा श्रोता सिद्धान्तातून आपोआप निर्माण होत नाही. मिलर यांचे पुत्र मार्टिन यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आईच्याच उपेक्षेची कथा सांगितली. त्यामुळे मिलर यांची मांडणी खोटी ठरत नाही; ऐकणे हे ज्ञानापेक्षा वेगळे कर्म आहे, एवढे मात्र सिद्ध होते. काफ्काचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचले नाही. ते आज वाचणाऱ्या समीक्षकावरही निदान करण्याआधी ऐकण्याची जबाबदारी येते.