एका तेजस्वी नावाचे अधःपतन

पहाटे सूर्याच्या आधी पूर्वेला झळकणाऱ्या शुक्राच्या चांदणीला रोमन लोक ‘लूसिफर’ म्हणत. अर्थ अगदी सरळ : प्रकाश घेऊन येणारा. पण आज हे नाव कानांवर पडताच पाश्चात्त्य वाचकाला चांदणी आठवत नाही. आठवतो तो सैतान. इतक्या मंगल शब्दाच्या वाट्याला ही अवकळा कशी आली?

तिचे मूळ जुन्या करारातील यशयाच्या चौदाव्या अध्यायात आहे. तेथील काव्य हे बाबेलच्या राजाला उद्देशून रचलेले उपहासगीत आहे, आणि ते कोणाला उद्देशून आहे हे त्याच अध्यायात आरंभी सांगितलेले आहे. ताऱ्यांच्याही वर सिंहासन मांडू पाहणारा हा राजा शेवटी मृतांच्या लोकात उतरतो. आधीच मेलेले राजे आपापल्या आसनांवरून उठून त्याचे स्वागत करतात आणि, तूही आमच्यासारखाच दुबळा झालास ना, असे त्याला हिणवतात. कवीने त्याला ‘हेलेल बेन शाहार’, म्हणजे तेजस्वी असा उषेचा पुत्र, म्हटले आहे. सर्वांच्या वर चढू पाहावे आणि सूर्य उगवताच दिसेनासे व्हावे, ही पहाटताऱ्याची गत त्या राजाला किती चपखल बसते!

ग्रीक भाषांतरकारांनी येथे ‘प्रभात आणणारा’ या अर्थाचा शब्द योजला. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळी लॅटिन बायबल सिद्ध करणाऱ्या जेरोमने नेहमीचा ‘लूसिफर’ घातला. त्या शब्दात तेव्हा विष नव्हते. त्याच लॅटिन बायबलात, पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, भक्तांच्या अंतःकरणात उगवणाऱ्या पहाटताऱ्यालाही ‘लूसिफर’च म्हटले आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री गायिल्या जाणाऱ्या लॅटिन स्तोत्रात तर तो शब्द साक्षात ख्रिस्तासाठी येतो. चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावरील एका बिशपचे नावही लूसिफर होते!

मात्र जेरोमच्याही आधी, तिसऱ्या शतकात, ओरिजेनने यशयाचे हे पतन सैतानाच्या पतनाशी जोडले होते. सैतान विजेसारखा आकाशातून पडताना पाहिल्याचे येशूचे उद्गार लूकच्या शुभवर्तमानात आहेत. त्यांची सांगड या ताऱ्याशी घातली गेली. हळूहळू उपमेचे विशेषनाम झाले. पुढे दान्तेने लूसिफरला नरकाच्या तळाशी बर्फात रुतवून ठेवले आणि मिल्टनने 1667 साली प्रसिद्ध झालेल्या महाकाव्यात सैतानाच्या गर्वाला भव्य रूप दिले. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने, हा अर्थ अज्ञानातून आला आहे, संदर्भ पाहता हे वर्णन बाबेलच्या राजाचेच आहे, असे बजावले होते. तरी 1611 च्या इंग्रजी बायबलात ‘लूसिफर’ राहिलाच. 1952 च्या सुधारित आवृत्तीत त्याच्या जागी पहाटतारा आला.

ओरिजेनप्रणीत अर्थ अगदीच निष्फळ होता असे कोणी म्हणणार नाही. एका राजाचा गर्व हा गर्वमात्राचा नमुना आहे, ही दृष्टी खोल आहे आणि तिने युरोपीय साहित्याला मोठे वैभव दिले. परंतु या लाभाची किंमत मूळ काव्याने मोजली आहे. या राजाने देश ओसाड केले आणि आपल्या बंदिवानांना कधी घरी जाऊ दिले नाही, असा आरोप त्या गीतात पुढे येतो. ज्यांचे यरुशलेम बाबेलने इ. स. पूर्व सहाव्या शतकात उद्ध्वस्त केले आणि ज्यांच्यातील अनेकांना कैद करून नेले, त्या लोकांना हा आरोप किती झोंबत असेल! सैतानाला ना तुरुंग असतात ना घरी परतू पाहणारे कैदी. राजाच्या जागी सैतान बसवला की आरोपाची धार जाते आणि सिंहासनावरचा माणूस अलगद सुटतो.

म्हणून ‘लूसिफर’चा ‘पहाटतारा’ होणे ही केवळ कोशातली दुरुस्ती नाही. त्यामुळे चांदणीला तिचे नाव परत मिळाले, आणि बाबेलच्या राजाला त्याच्यावरचा आरोप.