खोल समुद्राचा चित्रपट : काय दिसते, काय निसटते

बी.बी.सी.ने २०१७ साली प्रसारित केलेल्या ‘ब्लू प्लॅनेट २’ या मालिकेतील ‘द डीप’ हा भाग वर्गात दाखवावा का? जरूर दाखवावा. माणसे बसू शकतील अशा छोट्या पाणबुड्यांतून टिपलेली ही दृश्ये पाठ्यपुस्तकात मिळणार नाहीत. मेक्सिकोच्या आखाताच्या तळाशी असलेल्या अतिखारट तळ्यात वाम शिरते आणि वेटोळी घालत तडफडते. क्षारता म्हणजे काय, हे त्या दोन मिनिटांत मुलांना कायमचे कळते. मात्र प्राण्यांच्या वर्तनाचा पुरावा म्हणून हा चित्रपट दाखवायचा असेल, तर त्यातील तीन उणिवा शिक्षकांनी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिली उणीव प्रकाशाची. हजार मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोचत नाही. तेथे प्राणी दिसतात ते आपण नेलेल्या दिव्यामुळे. अटलांटिकमधील उष्ण झऱ्यांजवळच्या कोळंबीच्या दृष्टिपटलाला पाणबुडीच्या झोताने कायमची इजा होते, असे पीटर हेरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले. मग झोतातले वागणे नैसर्गिक कसे मानावे? एडिथ विडर यांनी यावर उपाय शोधला : बहुतेक खोलवासी प्राण्यांना न दिसणारा लाल प्रकाश, आणि आमिष म्हणून चमकणाऱ्या जेलीफिशसारखा कृत्रिम दिवा. याच युक्तीने २०१२ साली जपानजवळ महाकाय स्क्विड कॅमेऱ्यात आला. अर्थात लाल प्रकाश ओळखणारेही काही मासे आहेत. म्हणजे हा उपायही परिपूर्ण नाही.

दुसरी उणीव काळाची. शेकडो तासांच्या चित्रणातून काही मिनिटे निवडली जातात, त्यांवर संगीत चढते आणि प्राणी नायक किंवा खलनायक होतो. खोल तळावर बहुतेक वेळ काहीच घडत नाही, हे सत्य कापले जाते. याउलट कॅनडाच्या किनाऱ्याजवळ ८९४ मीटर खोलीवर केबलने जोडलेला एक कॅमेरा आहे. २०१३ च्या जानेवारीत युक्रेनमधला १४ वर्षांचा एक मुलगा घरबसल्या त्याचे चित्रण पाहत होता. अचानक मिशा असलेले एक नाक पडद्यावर आले आणि त्याने हॅगफिश गिळला. मुलाने शास्त्रज्ञांना कळवले. तो प्राणी हत्ती सील निघाला. हे घडले ते केवळ चिकाटीने पाहत राहिल्यामुळे.

तिसरी उणीव आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. जे दिसण्याजोगे मोठे, तेवढेच चित्रपटात येते. मध्य हिंदी महासागरात पाच किलोमीटरहून खोल तळावर भारताला बहुधातू गोट्यांच्या शोधासाठी क्षेत्र मिळालेले आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (हिचेच एक विभागीय केंद्र आपल्या अंधेरीत वर्सोव्याला आहे) १९९७ साली तेथे सुमारे तीन किलोमीटर लांब व २०० मीटर रुंद पट्टा मुद्दाम ढवळला आणि खाणकामाने काय होईल याचा अंदाज घेतला. त्यासाठी छायाचित्रांबरोबर गाळाचे नमुनेही काढावे लागले. कारण तेथील बहुसंख्य प्राणी मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान असून गाळात राहतात. कॅमेऱ्याला ते दिसत नाहीत. ‘चित्रात कोणी नाही, म्हणून तळ ओसाड’ हा निष्कर्ष चुकीचा तर आहेच, पण महागातही पडेल. दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढणारा गोटा एकदा उचलला, की त्याला चिकटून राहणाऱ्या जीवांचे घर परत येत नाही.

म्हणून वर्गात हा भाग प्रथम आवाज बंद करून दाखवावा. मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगावे : ‘मला काय दिसले’ आणि ‘त्यावरून मला काय वाटले’. मग आवाज लावून निवेदक काय सांगतो, ते ताडून पाहावे. शेवटी दोन प्रश्न विचारावेत : दिवा कोणाचा होता? आणि चौकटीबाहेर काय राहिले? हे प्रश्न विचारायची सवय लागली, तर चित्रपटातील उणिवाही शिकवण्याच्या कामी येतील.